काकांचं कुलूप उघडत नाही

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

उघडतच नाही म्हणे! असं होऊच शकत नाही.

मीटिंगमध्ये होते. सायखेड्याहून काकूंच्या नंबरवरून फोन. उचलला तर काका. "चैताली, शब्द बरोबर टाकतोय मी. कुलूप मानत नाही. सहा वेळा टाकला." आवाज घोगरा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. "आजच्या आज उघडून दे."

आज कसं जमेल म्हटलं. उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे, सकाळीच येते. तर "थांब जरा" म्हणाले. जणू कुणाला तरी विचारतायत. मग — "बरं. उद्या. पण कुणाला सांगू नकोस."

कुणाला सांगणार? आणि काय सांगणार — माझ्याच हातचा प्रोग्राम बिघडला म्हणून?

दीड वर्षापूर्वी लिहिला. काका निवृत्त झाल्यावर हौसेनं क्रिप्टोत उतरले, आणि एका खोट्या एक्स्चेंजच्या पानावर पासवर्ड टाकता टाकता वाचले. तेव्हा म्हटलं, ब्राउझर नकोच. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायची, बस. एक्स्चेंजच्या खात्याची किल्ली त्यांच्याच लॅपटॉपमध्ये बंद. एका शब्दानं उघडते, आणि तो शब्द त्या घराबाहेर जात नाही. काकांनी हट्टानं आज्ञा मराठीत करून घेतल्या — शिल्लक, पाठव, नोंदी, कुलूप. मराठीचे मास्तर ना! "शुद्धलेखनासारखं आहे गं. एक वेलांटी चुकली की नापास!" रोज सकाळी चहाबरोबर मोठ्यानं म्हणत टाइप करायचे. प्रत्येक वेळी आधी लाल अक्षरात माझी सूचना — हा शब्द कुणालाही सांगू नका. घरच्यांनाही नाही.

बाबा गेल्यावर मला शिकवलं ते या माणसानं. त्यांचं सगळं त्या काळ्या पडद्यामागे आहे.

संध्याकाळ

माझ्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा तपासलं. तीनदा. प्रोग्राम ठणठणीत. म्हणजे एक तर काका शब्द विसरले, नाहीतर — नको.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजच लिहिते. नाहीतर उद्या वाटेल, स्वप्न पडलं होतं.

चांदोरीपाशी मिरवणुकीची गर्दी, स्कूटी ढकलतच पुढे काढली. पूल ओलांडून घरी पोचले तर भर अकराला दार बंद, पडदे ओढलेले. काका इस्त्रीच्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून खुर्चीत ताठ. घरात असे कधी बसत नाहीत. टेबलावर फोन, तांब्याला टेकवून उभा.

"फोन असा का?" म्हटलं.

"चार्जिंगला आहे."

वायर नव्हती. मी पाहिलं, आणि सोडून दिलं! मला फक्त माझं कुलूप दिसत होतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात. एरवी मी चप्पल काढेपर्यंत चार प्रश्न होतात.

‘नोंदी’ टाइप केलं. या आज्ञेला शब्द लागत नाही — काय कधी झालं एवढंच दिसतं. परवा, १७ तारखेला, सकाळी ११.४०: पैसे पाठवायला नवा पत्ता जोडला. नवा पत्ता चोवीस तासांनी चालू होतो, तसं बंधनच आहे. आणि त्याच दिवशी दुपारी २.०५: कुलूप बदललं. जुना शब्द पहिल्याच झटक्यात बरोबर. याच लॅपटॉपवरून.

"काका, शब्द कुणीतरी बदललाय! घरात कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"आणि हा पत्ता कुणाचा?"

घाम फुटला त्यांना. कपाळावरून कानामागे ओघळताना दिसत होता. "माझाच. दुसरं खातं आहे. तू प्रश्न नको विचारूस, उघडून दे फक्त."

कुलूप मोडता येत नाही. मीच तसं केलंय. पण एक्स्चेंजकडून नवी किल्ली घेता येते — जुनी रद्द, नवी चालू, नवा शब्द. दहा मिनिटांचं काम. मी सुरू केलं. खरंच सुरू केलं! वाटलं, घरातलं काहीतरी आहे, नंतर बोलू. अर्धं झालं आणि फट्‌कन लाईट गेली. वायफाय बंद.

"माझ्या फोनचं नेट घेते," म्हणून उठले, तर दारामागे काकू. हात मेन स्विचवर. खटका खाली.

लाईट गेली नव्हती. काकूंनी घालवली होती!

माझं मनगट धरलं आणि मागच्या दारानं हौदापाशी नेलं. नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात, कानाशी तोंड नेऊन — "चैते, नको उघडू माय. फोनमधी मानूस हाय. पोलीस हाय म्हनतो. तीन दिस झाले, फोन बंद करू देत नाय."

मला कळेना. "कुठला पोलीस?"

"तुमच्या नावाचं पार्सल धरलं म्हने, त्यात गांजा निघाला. समदे पैसे तपासाला पाठवा, नायतर उचलून नेतो. चैतालीलाबी नेतो म्हनला. माझा फोनबी घेतला यांनी. मोरीत जाताना सुदिक फोन संगं न्यायला लागतो!"

गेल्या महिन्यात ऑफिसात याच फसवणुकीवर तासभर माहिती दिली होती. डिजिटल अरेस्ट. मी मागे बसून चिप्स खात होते.

आत धावले. फोन उचलला.

पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस. मागे कसला तरी झेंडा. मिशी कोरलेली. माझ्याकडेच बघत होता! मी आले तेव्हापासून बघत होता — माझं टाइप करणं, माझे प्रश्न, सगळं. अगदी शांत आवाजात म्हणाला, "मॅडम, आप काम पूरा कीजिए."

कॉल तोडला. फोन पूर्ण बंद केला. आणि काका — माझे काका — खुर्चीतून उठून हात जोडायला लागले. "काय केलंस तू! आता येतील ते. तुला नेतील."

"कुणी येणार नाही काका. कुणी नाहीये."

दार सताड उघडलं, पडदे सारले. समोरच्या ओट्यावर पोरं भगवे झेंडे काठीला बांधत बसली होती. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. मग तिथंच फरशीवर बसले आणि हमसून रडले. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दहा मिनिटं. दहा मिनिटांत मीच उघडून दिलं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काकाकाकूंना नाशिकला माझ्याकडे आणलंय. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तो पत्ता एक्स्चेंजवरून काढून टाकला. एक कॉइनही हललेलं नाही.

पण शब्द बदलला कुणी? काल डोकं चालतच नव्हतं. आज पोळ्या लाटताना काकूंना विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या. पोळी उलटली.

"तुम्ही? कधी?"

"हे मोरीत गेल्ते, फोन घेऊन. तेवढाच येळ व्हता. येवढं काय त्यात? दीड वरीस रोज ऐकते. मोठ्यानं म्हनतात ना हे! कुलूप लिव्हायचं, जुना शब्द, मंग नवा दोनदा. सातवी झालीय माझी. मराठी वाचता येती मला."

"आणि जुना शब्द?"

"तो बी पुटपुटत्यात."

त्या घरात कुणी काकूंना लॅपटॉपपाशी बसवलं नाही. मीही नाही! मी शिकवताना त्यांनी मागे बसून वाटाणे सोलले. मला वाटायचं, कंटाळत असतील.

"मला का नाही सांगितलंत?"

"कशानं सांगू? हात तोडल्यावानी झालं व्हतं. म्हनलं, आपल्यानं मानूस हाकलनं व्हईना, कडी तरी लावू."

मग विचारलं, नवा शब्द काय ठेवलात? तवा खाली उतरवला, माझ्याकडे बघून हसल्या — चार दिवसांत पहिल्यांदा.

"नाय सांगनार. तूच लिव्हलंय, लाल अक्षरात."

२२ फेब्रुवारी, शनिवार

काका जेवत नाहीत. दुपारी गॅलरीत बसले होते, जवळ गेले. "मी जन्मभर पोरांना सांगितलं — विचारा, तपासा, मग माना. आणि मी त्याला ‘सर’ म्हणत होतो, चैताली. त्याला विचारून पाणी पीत होतो."

"भीती वाटली, काका. कुणालाही वाटते."

"नुसत्या धमकीला मी भ्यालो नसतो." खूप विचारलं. मान हलवली आणि आत गेले.

काकूंनी खिचडी भरवली. खाल्ली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सायबर पोलिसांनी काकांचा फोन तपासला. मला एकटीलाच आत बोलावलं. फोनमधल्या त्या माणसानं पहिल्याच दिवशी काकांना एक फोटो पाठवला होता — ‘तुमच्या घरात आमचा कॅमेरा आहे, हे बघा.’ काका त्यालाच भ्याले. फोटोत काका निळ्या स्वेटरमध्ये, समोर काळा पडदा, मागे काकू.

"हा घरात शिरून कुणी काढला असेल?" तपास करणाऱ्या पोलीस मॅडमनी विचारलं.

मी. डिसेंबरात, काकांच्या नकळत. आणि इंटरनेटवरच्या माझ्या प्रोग्रामच्या पानावर सगळ्या जगासाठी टाकला, खाली अभिमानानं लिहून — माझे सदुसष्ट वर्षांचे काका, सावळीराम गांगुर्डे, सायखेडा.

बाहेर बाकावर काका बसलेत. अजून सांगितलेलं नाही.