‘कधीच नाही’वरच्या खुणा

दि. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी ठीक. हा तिसरा कारखाना, आणि अजून कोणाशी भांडलो नाही, म्हणजे किती सुधारलो ते तूच बघ. भट्टीतून फरशा निघतात, त्या ढकलगाडीवर रचायच्या, एवढंच काम.

भिंगरीच्या शाळेत पुन्हा तो तब्येतीचा कागद आलाय म्हणतेस. डोकं किती वेळा दुखलं, पोट किती वेळा, चक्कर येते का, उदास वाटतं का, आणि पुढे चौकटी: रोज, आठवड्याला, महिन्याला, कधीच नाही. दहा वर्षांच्या पोरीला काय विचारतात बघ! आमच्याकडेही दर महिन्याला असाच कागद भरून घेतात. एकाने कंबर दुखते म्हणून खूण केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा. तेव्हापासून आम्ही सगळे डोळे झाकून ‘कधीच नाही’. भाचीला गेल्या वर्षी कळवलं होतं तेच सांग. कागदावर दुखणं लिहायचं नसतं, लिहिलं की काढतात. पोरगी हुशार आहे, मामावर गेलीय.

भाऊजींना नमस्कार. या भटक्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. २१ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

परवा शाळेच्या नर्सबाई घरी आल्या. मी शिलाई मशीनवर होते. त्यांनी गठ्ठाच पुढ्यात ठेवला. भिंगरीच्या वर्गात बेचाळीस मुलं, आणि बेचाळीसही कागदांवर वरपासून खालपर्यंत ‘कधीच नाही’. एकाचा हात प्लास्टरमध्ये आहे, त्याचंही काही दुखत नाही! बाई म्हणाल्या, आधी हसू आलं, मग गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. चौकशी केली तर सगळी बोटं आपल्या कार्टीकडे. हिने मधल्या सुट्टीत वर्गाला बजावलं होतं, की दुखतंय म्हणून लिहिलं तर शाळेतून काढून टाकतात, माझा मामा मोठ्या कारखान्यात आहे, त्याला सगळं माहीत असतं.

मग बाईंनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. भिंगरीने आधी मला काढणार नाही ना, असं तीनदा विचारून घेतलं, आणि मग सांगितलं की डोकं रोज दुखतं. दीड वर्ष झालं. बाईंनी तिचा उजवा डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. वरचं सगळ्यात मोठं अक्षरही तिला दिसेना रे. आणि मी तिची आई, सुईत दोरा ओवायला तिलाच हाक मारते.

काल डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा पार आळसावलाय म्हणाले. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. गेल्या वर्षी कळलं असतं तर बरंच सावरलं असतं, आता किती सुधारेल ते सांगता येत नाही. पोरांना कशाला विचारता हे सगळं, असं मी बाईंना बोलून बसले होते. त्या म्हणाल्या, आतलं दुखणं आईलाही दिसत नाही, म्हणून तर मुलालाच विचारायचं.

तुला दोष देत नाही. तुझं पत्र मीच तिला मोठ्याने वाचून दाखवलं, दोन्ही वर्षी. आणि हसले होते.

जिवाला जप.
ताई

दि. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र कामावरच उभ्या उभ्या वाचलं. हातातली फरशी निसटली, पाय थोडक्यात वाचला. मुकादम ओरडत होता आणि मी तुकडे गोळा करत होतो.

ताई, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. इथे चहा गार झालाय म्हटलं तरी कोणी मान वर करत नाही. आणि बेचाळीस पोरांनी माझं ऐकलं? मी तर गंमत करत होतो गं. तू चार शिव्या हासडल्या असत्यास तर बरं झालं असतं. दोष देत नाही म्हणालीस, ते फार लागलं.

सोबत चिठ्ठी आहे, ती वर्गात वाचायला दे: पोरांनो, मी भिंगरीचा मामा. मी चुकीचं सांगितलं. कारखाना वेगळा आणि शाळा वेगळी. दुखतंय म्हटलं तर तुम्हाला कोणी काढणार नाही. तुमचं दुखणं तुम्हालाच ठाऊक, त्यात कुठल्याही मामाचं ऐकू नका.

चिठ्ठीतल्या चुका बाईंना सुधारायला सांग. भिंगरी माझ्याशी बोलेल का, विचारून बघ. दोन ओळी पुरेत.

तोंड दाखवायला लाज वाटणारा,
धाकटा

दि. १९ सप्टेंबर

मामास,
नमस्कार. (आईने सांगितला म्हणून.)

तुझी चिठ्ठी वर्गात वाचली. कोणी हसलं नाही. मग सगळ्यांनी कागद पुन्हा भरला. माझ्या शेजारची मुलगी भरताना रडायलाच लागली, तिचं पोट रोज दुखतं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. नर्सबाई तिच्याजवळ खाली बसल्या आणि तास संपला तरी उठल्या नाहीत.

मी पट्टी लावून लिहितेय, म्हणून ओळी वाकड्या. आई म्हणाली, बरी आहे असं लिही, मामाला बरं वाटेल. पण मी खरं लिहिणार.

डोकं दुखणं: आठवड्याला. आधी रोज होतं.
पट्टी टोचणं: रोज.
मुलं एकडोळी म्हणतात: रोज. त्यातल्या एकाला मी चिमटा काढला.
डाव्या डोळ्याने दिसणं: वरचं मोठं अक्षर दिसतं, पण कडा हलतात.
मामाचा राग येणं: रोज. हा प्रश्न कागदात नव्हता, मी घातला.

लोभ आहेच, तो मागत बसू नकोस.
भिंगरी