वही पूर्ण होईपर्यंत

१ ऑगस्ट २०१७, मंगळवार. घाटंजी.
निर्णय झाला. संस्थेच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम मी बदलणार. पाच वर्षं जुनी आहे, एप्रिलपासून सुरक्षेचे अपडेटही बंद. दर मंगळवारी या सर्व्हरवरून ११४० कापूसवाल्यांच्या फोनवर पिकाचा सल्ला जातो, माझ्या आवाजात. एवढी माणसं माझ्यावर अवलंबून. काम दोन तासांचं. १५ ऑगस्टच्या आत संपवणार.

३ ऑगस्ट
घाई नको. नऊ वर्षांची होईपर्यंत अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान हीच माझी शाळा. जुनी तार कापायच्या आधी वेढे मोजून वहीत लिहायचे, हा पहिला धडा. तेव्हा सर्व्हरच्या सगळ्या सेटिंग आधी हाताने उतरवून काढणार. पेन ड्राइव्हवर बॅकअप आहेच. पण वही करप्ट होत नाही.

९ ऑगस्ट, दुपार
२६ पानं. मोजणी चालू असताना मोटारीला कोणी हात लावायचा नाही, हेही अब्बांचंच. म्हणून कीबोर्डवर चिठ्ठी चिकटवली: वही पूर्ण होईपर्यंत काहीही बदलू नये. बाकी दोघं सहकारी यवतमाळच्या मुख्य ऑफिसात गेल्यापासून ऑफिसात मी एकटीच आहे. पण नियम म्हणजे नियम. तोवर मंगळवारी पानांवरच्या तुडतुड्यांचा जुनाच निरोप जाईल.

२२ ऑगस्ट
डबा सर्व्हरच्या खोलीत खाल्ला. तिथे पंख्याचा आवाज असतो. एकटं वाटतं म्हणून नाही. तापमानावर लक्ष ठेवावं लागतं.

६ सप्टेंबर
यवतमाळहून संस्थेच्या प्रमुखांचा, राजदीप सरांचा फोन. राळेगावकडे गुलाबी बोंडअळी दिसली. पतंग पकडायला कामगंध सापळे लावा, बोंडं फोडून पाहा, हा निरोप येत्या मंगळवारी पाठव म्हणाले. मी सांगितलं, आता नवा निरोप चढवला तर साठ पानं खोटी ठरतील.  सर म्हणाले, "माहनूर, तू काय करून राह्यली?"
अपग्रेड, म्हटलं. आठ दिवसांत होईल. पटलं असावं. फोन ठेवला.

७ सप्टेंबर
निरोप मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला. चौदा वेळा. अकरावा बरा आहे. माझ्या बाजूने तयारी पूर्ण.

२५ सप्टेंबर
पान ८८. मध्येच निळी शाई संपून काळी सुरू झाली. नीट दिसेना. काळी बारा पानं निळ्यात पुन्हा लिहिली.

१० ऑक्टोबर
सर: झालं का? मी: जवळजवळ.
दिवसभरात बोलणं एवढंच. ऑफिसचा फोन उचलून पाहिला. चालू आहे. शेतकऱ्यांची तक्रार नाही, म्हणजे सेवा समाधानकारक.

१७ ऑक्टोबर
नीट विचार केला. भर हंगामात अपग्रेड करणं बेजबाबदारपणाचं. हंगाम ओसरू दे.
अब्बांना सांगितलं. त्यांनी हातातली तार खाली ठेवली. म्हणाले, वेढे मोजतो ते संध्याकाळी मोटार परत द्यायची असते म्हणून. "बेटा, तिकडं विहिरीवर माणूस बसलेला असते."
अब्बांना सर्व्हर समजत नाही.

१४ नोव्हेंबर
वही पूर्ण. २१२ पानं. ताळा करताना पान ३१ वर एक टिंब राहिलेलं सापडलं. पुन्हा पहिल्यापासून ताळा.

२९ नोव्हेंबर
सरांचा फोन येणं बंद झालंय. विश्वास बसला असावा.

१२ डिसेंबर, मंगळवार, सकाळी ११.४०
झालं. एक तास पन्नास मिनिटं. एकही चूक नाही. वही उघडावी लागली नाही. अकराला बोंडअळीचा निरोप ११४० जणांना गेला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. खोलीत कोणी नव्हतं.

दुपारी ३
फोन आला. चार महिन्यांतला पहिला शेतकरी. बळीराम, घाटंजीच्या पलीकडचे. मी रजिस्टर उघडून बसले. त्यांचा आवाज शांत होता.
"मॅडम, कापसाच्या पऱ्हाटीत ढोरं सोडून महिना झाला. आता सापळे कायले लावू?"
अळी कधी दिसली, विचारलं. दसऱ्याच्या आधी, म्हणाले. वरून बोंड चांगलं होतं, फोडलं तर आतून किडकं. तुमचा फोन यायचा दर मंगळवारी, तुडतुड्यांचा. पूर्ण ऐकायचो. मग त्यांनीच विचारलं, हरभऱ्याचं काही असलं तर सांगाल का. हो म्हटलं.
सप्टेंबरात काहून नाही सांगतलं, असं त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.