डावखुऱ्या मापाची बेस गिटार

प्रिय दादास,

धाकटीचा सप्रेम सलाम. इकडे सगळं ठीक. तिकडचं तू कळवत नाहीस, म्हणून तेही ठीकच असणार असं धरून चालते. गुडघा काय म्हणतो? (फोनवर "बरा आहे" म्हणतोस, पण ते तू एकशे तीन ताप असतानाही म्हणाला होतास.)

पत्रास कारण की, आपल्या चर्चच्या मंडळीसाठी नवी बेस गिटार घेतली आणि माझं चारचौघांत हसं झालं. वहिनी गेली आणि तू उपासनेला यायचा थांबलास, त्याला दीड वर्ष झालं. तुझी बेस तू घरी नेलीस. बरोबरच आहे, ती तुझीच. पण तेव्हापासून आमचं गाणं म्हणजे अस्तर नसलेला कोट झालाय, अंगावर बसतच नाही. शेवटी आपला चौकातल्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला, मी शिकतो. आता गिटार निवडायला कोण जाणार? पाळकसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. का, तर म्हणे "तुम्हाला मापातलं कळतं." तीस वर्षं शिवणकाम केलं की बेस गिटारीतलं कळायला लागतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

दुकानात डोक्यावर अंबाडा बांधलेला एक दाढीवाला होता. एकेक गिटार वाजवून "हिचा आवाज कसा उबदार आहे बघा" म्हणायचा. मी म्हटलं, उबदार स्वेटर असतो. (बिचारा दुखावला.) मी आपली गळ्यातली टेप काढली, गिटारीच्या मानेची जाडी घेतली, पट्ट्याची शिलाई दुहेरी आहे का ते ओढून पाहिलं. त्याने पाच तारांची दाखवली. मी म्हटलं, आमच्यात चार तारांवरूनच पुरेशी भांडणं होतात. मग एक गळ्यात अडकवून दुकानभर फेऱ्या मारल्या, कारण शेवटच्या गीताला पाळकसाहेब "आणखी एकदा" म्हणतात ते कधीच एकदा नसतं. खांदा टिकायला हवा ना! तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं दाराशी येऊन परत गेली.

मग त्याने विचारलं, वाजवणार कोण, बांधा कसा? माझ्या हातात टेप, आणि तोंडातून आपसूक निघालं: खांदा साडेअठरा, बाही पंचवीस, डावा खांदा जरा उतरता, माणूस डावखुरा. दादा, चष्मेवाला माझ्या कानापर्यंत येतो! ती मापं तुझी होती. दीड वर्षात तुझा एक शर्ट शिवला नाही, तरी तोंडपाठ.

सरावाला गिटारीची पेटी उघडली. चष्मेवाल्याने गिटार गळ्यात घातली, तर बटणं वर आणि तारा उलट्या. "मला सगळं उलटं दिसतंय," तो म्हणाला. ड्रमवाला म्हणाला, "मग नंबर तपासून घ्या." पाळकसाहेब हसून हसून बाकावर बसले. मीही हसले, आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले. तुझी फार आठवण आली रे.

असो. जेवत जा वेळेवर.

तुझी,
धाकटी

ता. क. दुकानदार शनिवारपर्यंत बदलून देतो म्हणालाय. चष्मेवाला रोज आठवण करून देतो.

आणखी ता. क. वर चुकून झाल्यासारखं लिहिलंय, ते खरं नाही. मापं तोंडातून निसटली ती निसटली, पण नंतर दुकानदाराने तीनदा विचारलं, "नक्की डाव्या हाताचीच?" मी तीनदा हो म्हटलं. शनिवारी मी कुठेही जाणार नाहीये. चष्मेवाल्याला डफ दिलाय, खूश आहे.

शेवटचं. दफनभूमीच्या फाटकाशी तू मला विचारलंस, "तिच्या तोंडाकडे बघून वाजवायचो, आता कोणाकडे बघू?" तेव्हा मी नुसती तुझी कॉलर सारखी करत राहिले. दीड वर्ष विचार केला, दादा. तिच्या जागी कोणीच नाही. पण कीबोर्डवर मी असते. माझ्याकडे बघ. मला रडू आलं तर तू वाजवत राहा, तुला आलं तर मी वाजवत राहीन.