बेहड्यावरच्या रहिवाशांना नोटीस

शिळफाटा, खोपोली
चैत्रातला गुरुवार, सकाळचे अकरा

तीर्थस्वरूप बायजाअक्कास,

तुझा धाकटा (आणि तुझ्या मते अजून अक्कलदाढ न आलेला) भाऊ नामा याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. सर्व म्हणजे नेमके किती जण, ते पुढे वाचशील तेव्हा कळेल. तुझे गुडघे कसे आहेत? कर्जतच्या डॉक्टरांनी दिलेलं तेल गुडघ्यांना लावतेस की समईत घालतेस? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुला शेजारणीच्या साडीवरचा डागसुद्धा दिसतो असं ऐकलं, आनंद वाटला. परसातलं जांभळाचं झाड कसं आहे? चांगलं मोठं आहे ना? त्याला ढोली आहे का? (सहज विचारतो.)

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात आलंच असेल. आणि तेही घरी न लिहिता शिळफाट्यावर, चहाच्या दुकानात मागच्या बाकड्यावर बसून का? तर आमच्या घरात हल्ली बोललेलं ऐकलं जातं. सोनुबाई ऐकते हे जुनंच आहे, त्याचं मी लग्नापासून मनाला लावून घेत नाही. पण सोनुबाई विहिरीवर गेलेली असताना मी पडवीत एकटा काही बोललो, तरी छताकडून पान हलल्यासारखा आवाज येतो. वर स्लॅब आहे, अक्का. सिमेंटचा.

सुरुवातीपासून सांगतो. आपल्या माळावरच्या तुकड्यात आमच्या चिरंजीवाला, नवीनला, तीन खोल्या आणि पोहायचं टाकं बांधायचं आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं तिथं येऊन शांतता ऐकणार, असं त्याचं म्हणणं. (शांतता ऐकायला स्पीकर आणतात म्हणे.) आता तिथं टेंपो आत वळायचा तर बांधावरचा बेहडा आडवा येतो. म्हणजे बेहडा आपल्या आजोबांच्या आधीपासून तिथंच आहे, आडवा आला तो टेंपो; पण तसं बोललं की नवीन माझ्याकडे कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. तुझंही नाव सातबाऱ्यावर असल्यानं तुझी संमती लागली. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आलो होतो आणि एका कागदावर सही घेऊन गेलो, तो हाच कागद. तू तेव्हा चष्मा शोधत होतीस. मीही तो शोधायला फारशी मदत केली नाही, हे इथं कबूल करतो.

मागच्या महिन्यात जैतूला कुऱ्हाड घेऊन बोलावला. (तोच, डोंगरावरच्या वाडीतला, ज्याच्या बापानं आपल्या गोठ्याच्या वाशांचं लाकूड निवडलं होतं.) त्यानं खालच्या फांदीवर एक घाव घातला आणि थांबला. फांदी कुठली म्हणशील, तर जिला आई भाताच्या आवणीच्या दिवसांत माझी झोळी बांधायची आणि झोका द्यायला तुला बसवायची, ती. जैतूनं कुऱ्हाडीचं पातं बोटानं चाचपलं, कान लावून काहीतरी ऐकलं आणि मला विचारलं, “दादा, हितं राहत्यात त्यांना सांगितलंय का?” मी म्हटलं, इथं कोण राहतंय? तो म्हणाला, “घाव लाकडावर नाय बसला. आमी न सांगता तोडत नाय.” एवढं बोलून तो कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाला, तो मागं वळून न बघता पऱ्ह्याचं पाणी ओलांडून पार पलीकडे गेला.

मला राग आला. राग घेऊन कुठं जायचं, तर झाडांविषयी अधिकारानं बोलणारा आपल्या भागात एकच माणूस, वस्तीवरच्या विहारातले भंते. अक्का, साठ वर्षं मी त्या विहारावरून येजा केली. दाराशी चपला काढायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि काढताना मला माझीच शरम वाटली. भंते वयानं नवीनएवढे, पण समोर बसलं की आपण लहान होतो. त्यांनी मला चहा दिला आणि गोष्ट सांगितली. बुद्धांच्या काळात एक भिक्खू कुटीसाठी झाड तोडत होता. झाडावर राहणारी देवता म्हणाली, माझं घर मोडू नका. त्यानं ऐकलं नाही, आणि कुऱ्हाड तिच्या लेकराच्या हाताला लागली. तिच्या मनात आलं, ह्याला इथंच मारून टाकावं. पण ती बुद्धांकडे गेली. बुद्धांनी तिला राहायला दुसरं रिकामं झाड दाखवलं आणि भिक्खूंना नियम घालून दिला, की झाडाला, हिरव्या काडीलासुद्धा, हात लावायचा नाही. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी बसतात तेही कोंब आणि किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. मी म्हटलं, आम्ही तर पावसाळाभर चिखल तुडवतो. भंते हसून म्हणाले, तुम्ही लावण्यासाठी तुडवता. मग म्हणाले, “काका, तोडू नका असं मी कोण सांगणार? कोण राहतं ते आधी बघा, आणि ते जातील कुठं ते तुम्ही ठरवा.”

आता दुसरा कुणी असता तर नारळ फोडून मोकळा झाला असता. पण तुझा भाऊ चौतीस वर्षं कचेरीत नोटिसा लिहिणारा. कुणाला उठवायचं तर त्याला लेखी कळवायचं, एवढं एकच शास्त्र मला येतं. मी घरी येऊन जुन्या नमुन्यावर दोन प्रतींत नोटीस काढली, जावक क्रमांक एक. सदर बेहड्यावर, ढोलीत व मुळांत राहणाऱ्या सर्व लहानथोर रहिवाशांस कळविण्यात येते की, पंधरा दिवसांत जागा खाली करावी. हरकत असल्यास खाली सही करणाराच्या राहत्या घरी समक्ष मांडावी. पर्यायी जागा मिळेपर्यंत राहण्याची सोय खाली सही करणार करील. खाली माझं पूर्ण नाव, गाव, घर क्रमांक आणि मारुतीच्या देवळापासून डावीकडे. खिळा मारवेना, म्हणून भाताच्या खळीनं चिकटवली. राहण्याच्या सोयीचं ते शेवटचं वाक्य हातानं आपलं आपण लिहिलं, अक्का. रस्त्यासाठी, धरणासाठी, कशाकशासाठी उठवलेल्या माणसांना मी ते हजारदा लिहिलं असेल. त्या वाक्याच्या भरवशावर आजवर कुणी राहायला आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नोटीस झाडावर नव्हती. फाडलेली नव्हे, तर चारी कोपरे सोडवून नीट काढून नेलेली. झाडावर एक पाखरू नव्हतं. वारा होता, शेजारचं ऐनाचं झाड सळसळत होतं आणि बेहडा भिंतीवरच्या चित्रासारखा उभा होता. मला वाटलं, झालं काम. कचेरीत असताना इतक्या लवकर कधीच झालं नव्हतं.

घरी आलो तर सोनुबाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या कुरडया वाळत नव्हत्या. कशा वाळतील? अंगणभर सावली होती. भर दुपारचं टळटळीत ऊन, रस्त्यावर डांबर पाघळतंय, आणि आमच्या अंगणात फांद्याफांद्यांची, पानापानांची, हलती सावली. वर बघावं तर मोकळं आभाळ. आपल्या अंगणात तुळशीशिवाय झाड नाही हे तुला ठाऊक आहे. मी खराटा घेऊन सावली झाडून पाहिली. (हसू नकोस. तू असतीस तर तूही खराटाच घेतला असतास.) दुसऱ्या दिवशी कुरडयांवर पाखरांची घाण पडली. चौथ्या दिवशी त्यांना बुरशी आली. घरात बेहड्याच्या मोहराचा तो उग्र वास, आणि माझ्या उशीवर रोज सकाळी एक ओलं पान.

नवीनचा आधी विश्वास बसला नाही. मग गच्चीवरच्या सोलरचं पाणी गरम होईना, तेव्हा बसायला लागला. त्यानं खोपोलीहून दुरुस्तीवाला आणला. तो गच्चीवर गेला, थोडा वेळ खुडबुड ऐकू आली, मग खाली येऊन म्हणाला, बिघाड काही नाही, वरचं झाड छाटून घ्या. त्यानं आमच्या तोंडाकडे पाहिलं, अंगणात जाऊन वर पाहिलं, आणि मग केसांतून हात फिरवला तर हातात बेहड्याची दोन पानं आली. चहा ठेवला होता, तो न घेताच गेला. पाना राहिला त्याचा.

इथवर मी तुला गंमत म्हणून सांगितलं असतं. पुढचं सांगताना मात्र चहा गार झाला तरी प्यावासा वाटेना. कणगीच्या मागून रडू यायला लागलं. मोठ्यानं नव्हे, रडून दमलेलं मूल मुसमुसतं तसं. भर दिवसा, जेवणाच्या वेळेला. नवीन ताट सोडून उठला. मी सोनुबाईकडे पाहिलं, तर ती घास हातात धरून ऐकत होती. मला म्हणाली, “तुमी तोडायला लावलंत तवा घाव कुटं बसला?” मी सांगितलं. ती उठली, हळद तेलात कालवली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि उन्हातून एकटी बांधावर गेली. त्या फांदीला हळद भरून तिनं पट्टी बांधली. ती परत येईपर्यंत कणगीमागचं रडू थांबलं होतं. अक्का, मला भीती वाटली होतीच, पण त्याहून लाज जास्त वाटली. घाव माझ्या सांगण्यावरून पडला आणि हळद लावायला बायको गेली.

तेव्हापासून सोनुबाईनं कुरडयांचा नाद सोडला. ती सावलीत पाण्याची परात ठेवते, भाताची मूठ ठेवते, दुपारी तिथंच सूप घेऊन निवडत बसते आणि कुणाशी तरी हळू बोलते. विचारलं तर म्हणते, नोटिशीत तुमीच बोलावलंत, आता नाकं मुरडू नका. मी पुन्हा भंत्यांकडे गेलो. शांती वगैरे काही असते का, विचारलं. ते म्हणाले, शांती तुमची बिघडली आहे, त्यांची तुम्ही बिघडवली. राहण्याची सोय करतो असं लिहून दिलं आहे तर ते पाळा, नाहीतर त्यांचं घर त्यांना परत द्या. मी घरी येऊन जावक क्रमांक दोन काढला: पहिली नोटीस रद्द. बेहड्याला चिकटवला. आज आठ दिवस झाले, तसाच आहे. रिकाम्या घराच्या दाराला लावलेला कागद वाचणार कोण?

असो. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. सोनुबाईनं तुला आठवण सांगितली आहे आणि कुरडया पाठवता आल्या नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नये असंही सांगितलं आहे.

तुझा आज्ञाधारक (या खेपेला खरोखरच),
नामा

ता. क. हे पत्र जैतूच्या हातून पाठवतोय, ते उगीच नाही. नवीन घाबरला आहे, पण मोडत नाही. त्याला वाटतं झाड मुळासकट गेलं की सगळंच जाईल. येत्या मंगळवारी करवतीचं मशीन येतंय. मला तो जुमानत नाही, पण तुझी संमती मागे आली तर त्याला थांबावंच लागेल. सोबतच्या कागदावर संमती रद्द केल्याचं लिहिलं आहे. या खेपेला चष्मा लाव, प्रत्येक ओळ वाच, आणि मगच सही कर. जैतूला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

ता. क. दोन. खरं कारण अजून लिहिलंच नाही. काल दुपारी मी पडवीत वैतागून बोलून गेलो, की रिकामं झाडच हवं असेल तर कर्जतला आमच्या अक्काच्या परसात जांभूळ आहे, भलं मोठं. मी ते नुसतं बोललो, अक्का. लिहून दिलं नव्हतं. आज सकाळी उठलो तर अंगणात लख्ख ऊन. उशीवर पान नाही. सोलरचं पाणी हात भाजेल इतकं कढत. मी आनंदानं हाक मारायला गेलो, तर सोनुबाई त्या उन्हात भरली परात समोर घेऊन बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. तेव्हा तुझ्या जांभळाखाली एरवीपेक्षा गर्द वाटलं, तर घाबरू नकोस. सही केल्यावर तो कागद तिथं उभी राहून मोठ्यानं वाच. त्यांना म्हणावं, बेहडा तोडत नाही, घर तुमचंच आहे, नामाच्या बायकोला करमत नाही, परत या.

ता. क. तीन. कणगीमागच्या त्या लहानग्याचा उजवा हात अजून दुखतो. घेताना डाव्या बाजूनं घे. झोका मात्र तुझ्याच हातचा चालेल असं सोनुबाई म्हणते.