सोमवारचे आजारी, गुरुवारचे धडधाकट

३ मार्च, सोमवार, सकाळी ९
आजपासून शिस्त. रक्ताचे साठ नमुने. तीस आजाऱ्यांचे, तीस धडधाकटांचे. लॅबच्या ताई म्हणाल्या, दोन्ही मिसळून थोडे आज, थोडे गुरुवारी मशीनला लावू का? साफ नको म्हटलं. आजारी सगळे आज, धडधाकट गुरुवारी. घोळच नको. तशी चिठ्ठी सही करून दिली, जपून ठेवा म्हटलं.

२१ मार्च
कोणतं जीन किती जागं, त्याचे आकडे आले. नॉर्मलाइझ केले, म्हणजे सगळे एका मापात. आलेखावर आजारी डावीकडे, धडधाकट उजवीकडे, मध्ये हातभर मोकळी जागा. सर म्हणाले, हे टिकलं तर नोकरीला दोन वर्षं वाढ. बायकोला सांगितलं. तिने मेहुण्याला. त्याने पहिल्यांदाच माझं अभिनंदन केलं.

२४ मार्च
संख्याशास्त्राच्या मॅडमना शंका. म्हणे हा बॅचचा फरक, दोन दिवसांच्या मशीन-रसायनातला, आजाराचा नसेलही. नॉर्मलाइझ केलंय म्हटलं. त्याने हा जात नाही म्हणाल्या. जळतात लोक.

२६ मार्च
त्यांचं तोंड बंद करायला सॉफ्टवेअरने बॅचचा फरक काढून टाकला. आजारही गेला. साठही एकाच घोळक्यात. सॉफ्टवेअरवर विश्वास टाकला होता मी.

२७ मार्च, दुपारी
कळलं. त्या सोमवारी ताईंनीच काहीतरी गडबड केली असणार. चार वर्षं यांच्या डब्यातलं खातोय, आणि हा दगा. फार लागलं मनाला. सरांकडे लेखी तक्रार दिली.

२८ मार्च, सकाळी ११
सरांनी तिघांना बोलावलं. ताईंनी रजिस्टर उघडलं. आत माझी चिठ्ठी, चारी बाजूंनी चिकटवलेली. सरांनी मोठ्याने वाचली: "मिसळू नये." खाली सही. नेमकी त्या दिवशी सुवाच्य.

मॅडम म्हणाल्या, "दिवस आणि आजार एकच करून ठेवलेत तुम्ही. आता कुठलंही सॉफ्टवेअर आणा, ते वेगळे होणार नाहीत."

वाढ गेली. चिठ्ठी जपलीत कशाला, असं ताईंना बाहेर विचारलं. "तुम्हीच म्हणाला होतात, सर," म्हणाल्या.

२८ मार्च, दुपारी २
खात्री करायला ३ मार्चचं पान काढलं. सगळं लिहून ठेवलंय. ताई काय म्हणाल्या तेसुद्धा. ही वहीसुद्धा त्यांच्याच बाजूची.

मेहुण्याला काय सांगू, असा बायकोचा मेसेज आलाय.

ताईंनी डबा नेहमीसारखा पुढे सरकवला. भूक नव्हती. दोन घास खाल्ले.