तुमच्या धाकट्या भावाबद्दल

सर, आज ऑफिसात मी पुन्हा तुमचाच तास घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही शिकवलेल्या इतिहासावर मी अजून पगार घेते आहे. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या कंपनीत आम्ही बँकांना आणि जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांना रिपोर्ट लिहून देतो: कुठल्या देशात कुठली हत्यारबंद संघटना आहे, ती पुढे काय करेल. इस्लामच्या नावाने बंदूक उचललेल्यांची फाइल माझ्याकडे असते. मॅनेजर म्हणतो, "हिस्टरी दोन पॅराग्राफ, खलास. क्लायंटला उद्याचं हवंय." पण आज शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "ये लोग आखिर आये कहाँ से?" मी खुर्ची वळवली आणि अर्धा तास बोलत राहिले. बोलता बोलता लक्षात आलं, वाक्यं माझी नाहीत.

मी दहावीत होते. अमेरिकेतले ते दोन टॉवर कोसळताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा तास होता. तुम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, शाळेत इंग्रजीत इतिहास शिकवणारे, आणि कॉरिडॉरमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारे एकटेच. फळ्याकडे तोंड करून तुम्ही तारीख लिहीत होता तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, आर यू ऑन देअर साइड?" मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. तुम्ही वळलात. ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही हातातला खडू ठेवलात, बोटं पुसलीत आणि इंग्रजीत एवढंच म्हणालात, की प्रश्न वाईट नाही, विचारण्याची तऱ्हा वाईट आहे. तास सुटल्यावर दाराशी मला थांबवून मराठीत म्हणालात, "चार पोरांत मला उभं केलंस. आता उत्तर ऐकायला घरी यायचं. शुक्रवारी सकाळी ये, आईला सांगून ये."

आपण दोघंही दुबईपलीकडच्या अजमानला राहायचो, मधे फक्त दोन बिल्डिंगा. मी आले तेव्हा तुमच्या मिसेस, आमच्या आंटी, घावनं काढत होत्या, आणि तुम्ही मला हॉलमध्ये न बसवता स्वयंपाकघरातच स्टूल दिलंत. अजून ते दिसतं मला: आंटी तव्यावरून घावन उचलतात, नारळाच्या रसाची वाटी माझ्यापुढे सरकवतात, आणि तुम्ही लसूण सोलत सोलत सांगताय. तुमचा धाकटा भाऊ दुबईत अल क्वोजच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. ऐंशीच्या दशकात, रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात होतं तेव्हा, त्याच्या खोलीतले पठाण गावाकडच्या बातम्या आणायचे. जळलेली घरं, पाय गेलेली मुलं. "त्याला रडू यायचं," तुम्ही म्हणालात. "तो वाईट नव्हता गं. कोणाचं दुःख बघवायचं नाही त्याला." त्या वेळी तिकडे जाणं हा गुन्हा नव्हता, पुण्य होतं. मोठमोठी सरकारं पैसे आणि हत्यारं पाठवत होती, वर्तमानपत्रं त्या लढवय्यांना शूर म्हणत होती. तो पेशावरला गेला, जखमींच्या गाड्या चालवायला.

"मग?" मी विचारलं.

"मग दोन वर्षांनी परत आला. गाड्या चालवायला गेलेला माणूस परत आलाच नाही. दुसराच कोणीतरी आला."

तिथल्या छावण्यांत त्याला जगभरातून आलेले लोक भेटले होते. आपापल्या देशांतल्या तुरुंगांत मार खाल्लेले, आपल्या राजांवर आणि पुढाऱ्यांवर चिडलेले. त्यांच्याकडे एक सोपं उत्तर होतं: आपण हरलो कारण आपण खरे मुसलमान उरलो नाही. आणि खरा कोण, हे ठरवणार तेच. रशियन निघून गेले, पण हत्यारं उरली, शिकवलेलं लढणं उरलं, आणि करायला दुसरं काही नव्हतं. भाऊ गावी आला तो आईवरच चिडला. दर्ग्यावर चादर घालणं पाप आहे म्हणाला. शेजारच्या घरी तुम्ही गणपतीच्या आरतीला उभे राहायचात, म्हणून भर ओटीवर तुम्हाला म्हणाला की तू आता मुसलमान राहिला नाहीस. आंटी तव्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "त्या दिवशी त्याच्या पानात मीच मासे वाढले होते. जेवला नाही."

"कळलं का?" तुम्ही मला विचारलंत. "तू विचारलंस मी कुणाच्या बाजूला. त्यांचा पहिला शत्रू अमेरिका नव्हती, तूही नव्हतीस. पहिला मी होतो." भाऊ पुन्हा निघून गेला, आणि वर्षभराने कोणाकडून तरी निरोप आला की डोंगरात कुठेतरी मारला गेला. तुमच्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "तेराशे-चौदाशे वर्षांचा अभ्यास, वाद, शायरी, कायदा," तुम्ही म्हणालात, "एवढं सगळं टाकून त्याने छावणीत वाटलेल्या एका पातळ पुस्तकाला धर्म मानलं."

सर, गेली पंधरा वर्षं मी हेच वाचते आहे. नंतर इराकची लढाई झाली, तिथल्याही तुरुंगांतून नव्या टोळ्या निघाल्या, सीरियात त्यांनी राज्य थाटलं, आणि मरणाऱ्यांत सगळ्यांत जास्त मुसलमानच होते. नावं बदलतात, झेंडे बदलतात. कारणं तीच: गरिबी, अपमान, दुसऱ्यांनी पोसलेलं युद्ध, तुरुंग, आणि वर एक सोपं उत्तर. पण रिपोर्टमध्ये मला कधी लिहिता आलं नाही की सुरुवात कधीकधी दुसऱ्याच्या दुःखाने रडणाऱ्या माणसापासून होते. क्लायंटला त्याचं काय करायचं असतं?

तुमच्याकडून मी घरी गेले तर बाबा जेवायला बसले होते. त्यांचा एसीच्या डक्टिंगचा धंदा तेव्हा नुकता जम धरत होता, आणि त्या आठवड्यात ते सगळ्यालाच घाबरत होते: व्हिसाला, टीव्हीला, फोनला. मी पानावर बसले आणि सांगितलं की सरांचा भाऊ अफगाणिस्तानात लढायला गेला होता. बाबांचा घास हातातच राहिला. "आणि तू त्यांच्या घरी गेली होतीस?" दुपारीच त्यांनी आणखी दोन पालकांना फोन केले. शाळेने चौकशी वगैरे काही केली नाही. फक्त मार्चमध्ये तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही.

शेवटच्या दिवशी तुम्ही पोर्शन संपवलात, उरलेल्या दहा मिनिटांत आमच्या शंका घेतल्यात. मी वह्या आणून द्यायला स्टाफरूममध्ये आले तर तुम्ही ड्रॉवर रिकामा करत होता. मी म्हणाले, "सर, सॉरी." कशाबद्दल ते मी बोलले नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "ज्याने कोणी सांगितलं, त्याला वाटलं असेल आपण पोरांना वाचवतोय. माझ्या भावालाही असंच वाटत होतं, आपण कोणाला तरी वाचवतोय." मग वह्या मोजून घेतल्यात आणि म्हणालात, "बोर्डाला नकाशा सोडू नकोस, पाच मार्क आहेत."

तुम्ही गेल्याचं मला आंटींच्या पत्रातून कळलं, तेही सहा महिन्यांनी. त्या आता मुलीकडे असतात. त्यांना हे पत्र पाठवता येईल, पत्ता आहे माझ्याकडे. पाठवणार नाही. त्या मला अजून "सरांची लाडकी" म्हणतात.

बाबांना मी सगळा दोष दिला, वर्षानुवर्षं. ते घाबरले, त्यांनी फोन केले, हे खरं. पण फोन उचलण्याआधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता: "तो भाऊ आता कुठे असतो?" तो मेला आहे, हे तुम्ही मला तासाभरापूर्वी सांगितलं होतं. पण घरात सगळे पहिल्यांदाच माझ्याकडे टक लावून ऐकत होते, सर. मी म्हणाले, "माहीत नाही."