कारणाचा रकाना

बाबा, सिंगापुरात आमच्या तोआ पायोह वस्तीतली तुमच्या नातीची शाळा या वर्षाअखेर बंद होतेय. बंद म्हणायचं नाही. नव्या शतकात इथे शाळा मरत नाहीत, शेजारच्या शाळेत ‘विलीन’ होतात. स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी मराठी पेपरांत लोकांची टर उडवून पोट भरते हे पालकांना ठाऊक नाही, कारण त्यांना मराठी वाचता येत नाही. लेक इथल्या ‘लाह’चं शेपूट लावून म्हणाली, “आई, जोक नको मारूस लाह. टीचर्स रडतायत.” शाळेच्या यादीत मराठी नाही, म्हणून हिच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात हिंदी आहे, माता मी, भाषा शेजाऱ्यांची. हा जोक मी तिथेच गिळला.

माहिती गोळा करायला दुपारी शाळेत जाते. नव्या फ्लॅट्समध्ये लोक आले, मागोमाग शाळा आली. एवढी मुलं की सकाळ-दुपार दोन पाळ्या. मग मुलं मोठी झाली, फ्लॅट म्हातारे झाले, पट घटला. रिकाम्या व्हरांड्यात पंखे फिरत असतात आणि ऑफिसच्या काचेआड तुम्ही दिसता: पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग, पुढ्यात तुम्ही कारकून होतात त्या आपल्या नगरपालिकेच्या हायस्कूलचं रजिस्टर. आत एसी आहे, तरी तुम्ही पुठ्ठ्याने वारा घेताय, दाखले लिहिताय. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात सगळ्यांनाच एक कारण: पुढील शिक्षणासाठी.

लहानपणी एका मुलाचा दाखला पाहून मी म्हटलं होतं, “बाबा, हे खोटं आहे. तो तर वीटभट्टीवर चाललाय.”

“आज चाललाय. कागद जन्मभर राहील. तुझ्या आज्याला शाळेच्या दारातून आत घेतलं नव्हतं. मी कोणाच्या परतीच्या दाराला कडी घालणार नाही. आणि जीभ आवर जरा.”

जीभ आवरली; हात आवरला नाही. नववीत माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. तिचा दाखला टेबलावर अर्धा लिहिलेला, तुम्ही हेडमास्तरांकडे गेलेले. तुमच्या वळणाच्या अक्षरात मी कारण भरलं: ‘लग्न’. केवढी सत्यवादी! दोन वर्षांनी ती तोच कागद घेऊन आली. सासरच्या गावातल्या शाळेने तो वाचून तिला परत पाठवलं होतं. हेडमास्तर ओरडले, “लिहिताना डोकं कुठे होतं तुमचं?” तुम्ही म्हणालात, “चूक झाली, सर.” नवा दाखला लिहून दिलात, पण तोवर प्रवेश संपले होते. पुढे ती शाळेत गेलीच नाही. जुना दाखला तुम्ही घरी आणलात आणि कितीतरी वेळ तो एकच शब्द बघत बसलात.

काल इतिहासाची शेवटची ओळ लिहिली. शाळा बंद होण्याचं कारण: पुढील शिक्षणासाठी. लेक हसली, “स्कूल कुठे शिकायला चाललीय?” मी म्हटलं, “आजोबांचा जोक आहे.” जोक नव्हता तो, तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र टाकायला पत्ता नाही. स्मरणिकेत घडी करून ठेवीन. बाबा, तुमचं सगळं अक्षर मी उचललं, फक्त ‘ल’चं वेटोळं कधी जमलं नाही. त्या दाखल्यावरचा ‘ल’ माझा होता.